स्थिरनादाचे श्रवण : काही समीक्षाप्रश्न

परस्परांहून अगदी भिन्न अशा कलाकृतींविषयी बोलताना समीक्षेला एकच विशेषण पुन्हापुन्हा वापरावे लागत असेल, तर ती उणीव त्या कलाकृतींच्या एकसुरीपणातली आहे की समीक्षेच्या शब्दसंपत्तीतली, हे एकदा तपासून पाहणे आवश्यक ठरते. गेल्या अर्धशतकात इलेक्ट्रॉनिक साधनांच्या आधारे जे प्रायोगिक संगीत निर्माण झाले, त्याच्या एका शाखेत नाद दीर्घकाळ टिकून राहतात, अतिशय सावकाश बदलतात, आणि धून, ताल किंवा आवर्तन ह्यांपैकी कशाचाही आधार श्रोत्याला देत नाहीत. ह्या संगीताविषयी जे लिहिले जाते त्यात 'ध्यानमग्न करणारे' हे विशेषण इतक्या सहजपणे येते की त्याने काही सांगितले जाण्याऐवजी सांगण्याची जबाबदारीच टाळली जाते. श्रोता तल्लीन झाला, तंद्रीत गेला किंवा चक्क झोपी गेला, ह्या तिन्ही अवस्थांना ते सारखेच लागू पडते. श्रवण ह्या क्रियेत नेमके काय घडले, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

प्रथम संज्ञांविषयी थोडे. इंग्रजीत ज्याला 'अ‍ॅम्बियंट' म्हणतात त्याला येथे परिसरसंगीत म्हटले आहे, आणि 'ड्रोन' ह्या संज्ञेसाठी स्थिरनाद हा शब्द योजला आहे. 'ड्रोन' तसाच ठेवण्यात अडचण अशी की आज मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर त्या शब्दाने पिकांवर औषध फवारणारे किंवा लग्नाचे चित्रीकरण करणारे उडते यंत्रच उभे राहते. 'स्थिरनाद' हा शब्दही निर्दोष नाही. ज्याला स्थिर म्हणावयाचे तो नाद स्थिर नसतोच, हे पुढील विवेचनात दिसेल. परंतु तो स्थिर आहे असे श्रोत्याला प्रथम वाटणे हा ह्या संगीताच्या अनुभवाचा आवश्यक भाग असल्यामुळे संज्ञेतील ही चूक उपयोगी पडते.

परिसरसंगीत आणि स्थिरनाद ह्यांना एका कप्प्यात टाकण्याची प्रथा विक्रेत्यांनी पाडली आणि समीक्षेने ती विनातक्रार स्वीकारली. वास्तविक दोहोंची श्रोत्याकडे असलेली मागणी परस्परविरुद्ध आहे. ब्रायन ईनोच्या बाबतीत ती मागणी कशी आहे हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. १९७५च्या जानेवारीत अपघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या ईनोला एका मैत्रिणीने अठराव्या शतकातील हार्पवादनाची ध्वनिमुद्रिका आणून दिली. ती लावून तो पुन्हा आडवा झाल्यावर त्याच्या ध्यानात आले की आवाज फारच बारीक ठेवला गेला आहे आणि दोहोंपैकी एक ध्वनिक्षेपक बंद आहे. उठून काही करण्याचे त्राण नव्हते. बाहेरच्या पावसात मिसळून गेलेले ते वादन तो तसेच ऐकत राहिला, आणि प्रकाश किंवा पाऊस ह्यांसारखे संगीतही परिसराचा एक घटक होऊ शकते अशी कल्पना त्याला सुचली. ही कथा आता आख्यायिकेसारखी सांगितली जाते, आणि आख्यायिकांविषयी बाळगावा तेवढा संशय तिच्याविषयीही बाळगावा. महत्त्व आहे ते तिच्यातून निघालेल्या निष्कर्षाला. विमानतळांसाठी रचलेल्या आपल्या संगीताला १९७८ साली जोडलेल्या टिपणात ईनोने असे संगीत अभिप्रेत असल्याचे म्हटले, की जे अवधानाच्या अनेक पातळ्यांना सामावून घेईल आणि कोणतीही एक पातळी श्रोत्यावर लादणार नाही. दुकानांतून आणि कार्यालयांतून पुरवल्या जाणाऱ्या गुळगुळीत पार्श्वसंगीताशी त्याचे भांडण होते. ते परिसराचे वैशिष्ट्य पुसून टाकते, आणि ईनोला ते वैशिष्ट्य अधोरेखित करावयाचे होते.

येथे कलाकृतीने श्रोत्यावरील आपला हक्क सोडला आहे. कलानुभवाला एकाग्र चिंतनाची अट घालणाऱ्या परंपरेला हा धक्का आहे, परंतु फार मोठा नव्हे. कारण लक्ष देणाऱ्याची निराशा होणार नाही अशी तजवीज ईनोने केलेली असते. त्या संगीताच्या दुसऱ्या भागात स्त्रीस्वरांच्या ध्वनिफितींची निरनिराळ्या लांबीची वेटोळी एकाच वेळी फिरत असतात, आणि लांबीतील फरकामुळे स्वरांची गाठ दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडते. ज्याला ऐकावयाचे त्याला ऐकण्यासारखे आहे. ज्याला ऐकावयाचे नाही त्याच्यावर सक्ती नाही.

एलियान रादिग ह्या फ्रेंच संगीतकर्तीच्या रचना ही सवलत देत नाहीत. १९३२ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या रादिगने पिएर शेफेर आणि पिएर आन्री ह्यांच्याकडे ध्वनिफितीचे तंत्र आत्मसात केले. ध्वनी ज्या वस्तूपासून निघाला ती विसरून ध्वनीलाच विषय मानून ऐकावे, हा शेफेरचा आग्रह तिने घेतला. फिती कापून जोडण्याची त्याच्या संप्रदायाची रीत मात्र घेतली नाही. १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये इलेक्ट्रॉनिक संश्लेषकांशी तिचा परिचय झाला, आणि 'एआरपी २५००' हे यंत्र घेऊन ती पॅरिसला परतली तेव्हा त्याची सुरावट वाजवण्याची पट्टी तिने जाणीवपूर्वक सोबत घेतली नाही. ह्या एका नकारात तिच्या पुढील तीस वर्षांच्या निर्मितीचे सूत्र सापडते. पट्टी असली की बोट एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाते. पट्टी नसली की हातात राहतात त्या फक्त खुंट्या, आणि खुंटीने नाद बदलावयाचा तर तो तसूतसूनेच बदलता येतो.

'त्रिलोजी द ला मोर' ही तिची प्रदीर्घ रचना १९८८ ते १९९३ ह्या काळात सिद्ध झाली. 'कीएमा' (१९८८), 'कैलाशा' (१९९१) आणि 'कूमे' (१९९३) हे तिचे तीन भाग. प्रत्येक साधारण तासाभराचा. पहिल्या भागामागे तिबेटी बौद्धांच्या 'बार्दो थोदोल' ह्या ग्रंथातील संक्रमणावस्थांची कल्पना आहे, तर दुसऱ्यामागे कैलास पर्वताच्या परिक्रमेची. ह्या कल्पना ठाऊक नसलेल्या श्रोत्याला प्रत्यक्षात ऐकू येतो तो खर्जातला एक सलग गुंजारव. पहिल्या काही मिनिटांत बहुतेकांची प्रतिक्रिया एकच असते : येथे काही घडत नाही. ही प्रतिक्रिया चुकीची असली तरी अपरिहार्य आहे, कारण घडण्याची जी परिमाणे श्रोता बरोबर घेऊन आलेला असतो त्यांनी मोजण्यासारखे येथे खरोखरच काही घडत नाही.

मग केव्हातरी लक्षात येते की नाद पूर्वीचा राहिलेला नाही. बदल घडत असताना ऐकू आलेला नसतो. तो घडून गेल्याचे कळते. वर एक बारीक स्वर तरळू लागला आहे, तो केव्हा सुरू झाला हे सांगता येत नाही. मघापर्यंत गुळगुळीत वाटणारा खर्ज आता ठेका धरल्यासारखा कमीजास्त होतो आहे. तो आधीपासून तसाच होता आणि कान आता तयार झाले, की नादच बदलला? रादिगच्या श्रोत्याला ह्या संशयातून सुटका नाही, आणि तिच्या रचनेचे बांधकाम ह्या संशयावरच उभे आहे.

ह्यामागील भौतिक कारण साधे आहे. सेकंदाला २०० आणि २०१ कंपने असलेले दोन नाद एकत्र वाजले तर कानाला दोन नाद ऐकू येत नाहीत. एकच नाद ऐकू येतो, आणि तो दर सेकंदाला एकदा चढतो व उतरतो. ह्या चढउतारालाच स्पंद म्हणतात. दुसरा नाद २००.५ कंपनांवर आणला तर हेच स्पंद दोन सेकंदांचे होते. म्हणजे श्रोता जे ऐकतो तो दोहोंपैकी कोणताही नाद नसून त्यांच्यातील अंतर असते. स्थिरनाद ह्या संज्ञेतील 'स्थिर' कोठे मोडते ते येथे दिसते.

मराठी सौंदर्यविचाराच्या दृष्टीने खरा पेच येथून सुरू होतो. मर्ढेकरांच्या लयसिद्धांतात संवाद, विरोध आणि समतोल ह्या तीन तत्त्वांनी संवेदनांची संघटना होते आणि त्या संघटनेतच सौंदर्याचे अधिष्ठान असते. हा विचार संबंधनिष्ठ आहे. संबंध म्हटला की किमान दोन घटक हवेत, आणि ते परस्परांहून वेगळे ओळखू यावयास हवेत. चित्रातील रंग आणि रेषा, गाण्यातील स्वर, कवितेतील भावार्थ ह्यांच्याबाबत हे गृहीत धरता येते. 'कीएमा'त घटक कोणते? खर्ज हा एक घटक म्हणावा तर तो संपून दुसरा सुरू होत नाही. स्पंद हा घटक म्हणावा तर तो स्वतःच एका संबंधातून उत्पन्न झालेला आहे. घटक आधी आणि संबंध मागाहून, हा क्रम येथे उलटला आहे : संबंध ऐकू येतो, आणि घटकांचे केवळ अनुमान करावे लागते.

ह्यावरून मर्ढेकरांचा सिद्धांत निकालात निघतो असे समजणे घाईचे होईल. 'कीएमा'त विरोधलय आहेच. परंतु ती दोन स्वरांत नसून आताच्या नादात आणि स्मरणात राहिलेल्या मघाच्या नादात आहे. हुसर्लने आपल्या १९०५च्या व्याख्यानांत कालबोधाची मीमांसा करताना धुनेबरोबरच एकाच टिकून राहिलेल्या स्वराचे उदाहरण घेतले, हे येथे सूचक ठरावे. स्वर चालू असतानाच त्याचा गेलेला अंश जाणिवेत धरून ठेवलेला असतो, म्हणून तर तो 'टिकतो' आहे असे म्हणता येते. रादिगची रचना ह्या धरून ठेवण्याची कसोटी पाहते. बदल इतका मंद की मघाचा नाद स्मरणातून निसटल्यावरच आताच्या नादाचे वेगळेपण जाणवावे. लयीचा एक घटक कलाकृतीत आणि दुसरा श्रोत्याच्या दुबळ्या स्मृतीत अशी ही विभागणी मर्ढेकरांनी कल्पिलेली नव्हती. तथापि त्यांच्या तत्त्वत्रयीत तिला जागा करून देता येते. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र लहान नाही : लय ही कलाकृतीची वस्तुनिष्ठ घटना आहे, हा दावा सोडावा लागतो.

वाचकाच्या सहभागावर भर देणारे सिद्धांत अशा वेळी मदतीला येतील असे वाटते. इझरच्या मते संहितेतील रिक्त जागा वाचकाला क्रियाशील करतात. दोन खंडांतील न सांगितलेला दुवा तो स्वतः पुरवतो. परंतु रादिगच्या नादात रिक्त जागा नाही. तेथे विराम नाही, तुटकपणा नाही, काही लपवून ठेवलेले नाही. जे आहे ते सतत समोर आहे, आणि कमतरता असलीच तर ती अवधानाची आहे. श्रोते तरीही भरत राहतात : कोणाला समुद्र ऐकू येतो, कोणाला दूरवरचे विमान, कोणाला घंटा. पहिल्या वीस मिनिटांतील बहुतेक श्रवण हे असे भरण्यातच जाते. त्यानंतर, श्रोता उठून गेला नसेल तर, ह्या प्रतिमा एकेक करून गळू लागतात. इझरचा वाचक भरण्याने वाचक होतो. येथील श्रोता न भरण्याने श्रोता होतो. शेफेरने सांगितलेले, ध्वनीचे उगमस्थान कंसात टाकून करावयाचे श्रवण हेच असावे. फरक एवढाच की शेफेरने ती शिस्त श्रोत्याकडून मागितली, तर रादिग केवळ कालावधीच्या बळावर ती घडवून आणते.

मराठी श्रोत्याची ह्या टप्प्यावरची प्रतिक्रिया ठरलेली आहे : हा तर तंबोरा. ह्या प्रतिक्रियेत तथ्य आहे, आणि म्हणूनच ती तपासून घ्यावयास हवी. जवारीवर तारेखाली दोरा नेमक्या जागी सरकवला की एका आघातातून स्वयंभू स्वर एकामागून एक उमलत जातात. एका नादाच्या पोटातील अनेकता ऐकण्याची सवय ह्या संस्कृतीला जुनी आहे, आणि मिरजेच्या कारागिरांनी ती पिढ्यानपिढ्या घडवली आहे. ऐतिहासिक दुवाही आहे. अमेरिकन संगीतकार ला माँट यंग, त्याची सहचारिणी मेरियन झझीला आणि टेरी रायली हे १९७०पासून किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ ह्यांचे शिष्य होते. प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले होते. यंग आणि झझीला ह्यांनी छेडलेल्या प्राणनाथांच्या तंबोऱ्यांचे ध्वनिमुद्रण १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यात गायन नाही. तासाहून अधिक काळ केवळ तंबोरेच आहेत.

तथापि 'हे आमच्याकडे होतेच' असे म्हणणे दोन कारणांनी अडचणीचे आहे. पहिले कालक्रमाचे. यंगची दीर्घ स्वरांवर उभी असलेली तंतुवाद्यत्रयी १९५८ची आहे, प्राणनाथांच्या भेटीपूर्वी बारा वर्षांची. अली अकबर खाँ ह्यांच्या १९५५च्या ध्वनिमुद्रिकेतील तंबोऱ्याने तो प्रभावित झाला होता हे खरे. पण बालपणी आयडाहोतील लाकडी घरात शिरणारा वारा आणि वीज-रोहित्रांचा गुंजारव ह्यांचेही ऋण त्याने तितक्याच आदराने मान्य केले आहे. प्रभावाची वंशावळ काढताना रोहित्राला वगळून तंबोऱ्याला ठेवणे हे समीक्षेचे काम नव्हे.

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. तंबोरा आधार देतो. त्याच्यावर गायक षड्ज लावतो, आणि त्या क्षणापासून तंबोरा ऐकला जाऊनही ऐकला जात नाही. तो भूमी होतो. किराणा घराण्याच्या विलंबित आलापीची सवय असलेला श्रोता कितीही संथपणे ऐकत असला तरी तो पुढच्या स्वराची वाट पाहत असतो. गंधार लांबवला जातो तो मध्यमाची ओढ वाढवण्यासाठी. गायक वगळून तंबोराच ठेवला की आधाराला आधारण्यासारखे काही उरत नाही, आणि ज्याला कोणी आधारलेले नाही त्याला आधार म्हणणे व्यर्थ आहे. यंगच्या ध्वनिमुद्रणातील तंबोरे म्हणजे मैफलीतून गायक वजा केल्यावर उरणारी बाकी नव्हे. तेथे भूमीच आकृती झाली आहे. अशा श्रवणात श्रोत्याची वाट पाहण्याची सवय काही काळ रिकामीच फिरत राहते, आणि रादिगच्या बाबतीत तर ती फार वेळ फिरते. मराठी रसिकाला हे संगीत परिचित वाटत असूनही कंटाळवाणे का होते, ह्याचे उत्तर बहुधा येथे आहे. अपरिचित श्रोत्यापेक्षा त्याला अधिक विसरावे लागते. (रियाजासाठी आता घरोघर वापरला जाणारा इलेक्ट्रॉनिक तानपुरा ह्या संदर्भात मासलेवाईक आहे. आधाराचे काम तो चोख करतो. पण नुसता ऐकत बसावे असे त्यात फार काही सापडत नाही, कारण त्याचे आवर्तन स्वतःची नक्कल करीत राहते.)

न्यूयॉर्कमधील चर्च स्ट्रीटवर यंग आणि झझीला ह्यांनी १९९३मध्ये उभारलेल्या 'ड्रीम हाउस'मध्ये श्रवणाची ही समस्या टोकाला पोहोचते. तेथे अनेक शुद्ध इलेक्ट्रॉनिक नाद अखंड वाजत असतात. खोलीच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे प्रत्येक बिंदूपाशी त्यांचे मिश्रण निराळे असते. श्रोता चालला की संगीत बदलते, मान वळवली तरी बदलते, आणि तो निश्चल उभा राहिला की जवळजवळ थांबते. संहितेचे अस्तित्व वाचनापूर्वी मानावे की नाही, ह्यावर साहित्यविचारात जो वाद १९८०च्या आसपास रंगला, त्यातील टोकाची भूमिका येथे एका खोलीच्या भूमितीत सिद्ध झाल्यासारखी वाटते. परंतु हे सादृश्य फार ताणता येणार नाही. वाचकसमूहाचे संकेत अर्थ ठरवतात असे म्हणणे वेगळे, आणि डावा कान एक वीत सरकल्याने स्वर लुप्त होतो असे म्हणणे वेगळे. दुसऱ्यात संकेत नाहीत, शरीर आहे. साहित्यसिद्धांताने 'वाचक' म्हटला तेव्हा त्याला सहसा शरीर दिलेले नव्हते.

राहिला प्रश्न संगीताबाहेरील माहितीचा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे जे दोन ध्रुव दाखवले, त्यांच्यातील ताण रादिगच्या ह्या त्रिखंडाइतका क्वचितच उघडा पडला असेल. 'कीएमा'नंतर, १९८९ साली, रादिगचा मुलगा ईव्ह आर्माँ मोटार अपघातात मरण पावला. हे समजल्यावर त्रिखंडाच्या प्रारंभापासूनच श्रोत्यांना पुत्रशोक ऐकू येऊ लागतो, आणि त्या आशयाचे लेखनही होते. कालक्रम मात्र सांगतो की 'कीएमा' १९८८मध्येच पूर्ण झाली होती. तिच्यात ऐकू येणारा शोक रचनेच्या वेळी घडलेलाच नव्हता. 'कूमे'च्या बाबतीत तो असू शकतो. पण पहिल्या भागात चुकीने आणि तिसऱ्या भागात कदाचित बरोबर ऐकलेला शोक कानाला एकाच प्रकारे जाणवत असेल, तर त्या जाणवण्याला पुरावा म्हणून किती किंमत द्यावी? शोकाचा उल्लेख समीक्षेतून हद्दपार करावा असे ह्यावरून निघत नाही. एवढेच निघते की ज्या संगीताने श्रोत्याच्या प्रतिमा गाळून टाकण्यासाठी तासभर खर्चला, त्याच्यावर चरित्राने एका वाक्यात नवी प्रतिमा चिकटवता येते, आणि ती समुद्रापेक्षा किंवा विमानापेक्षा फार चिवट असते.

आज हे संगीत बहुतेकांच्या कानी पडते ते स्ट्रीमिंग मंचांवरील झोपेसाठी, अभ्यासासाठी किंवा ताण हलका करण्यासाठी तयार केलेल्या याद्यांतून. ईनोला त्याविरुद्ध फारशी तक्रार करता येणार नाही; अवधानाची पातळी श्रोत्यावर सोडण्याचा करार त्यानेच केला होता. रादिगच्या रचनेला मात्र तेथे अस्तित्वच राहत नाही, आणि ह्याचे कारण श्रोत्याच्या अरसिकतेत शोधण्याची गरज नाही. भ्रमणध्वनीच्या इवल्या ध्वनिक्षेपकातून खर्जातील कंपने जवळजवळ उमटतच नाहीत. खर्ज नाही म्हणून त्याचे स्पंद नाही, आणि स्पंद नाही म्हणून तासाभरात जे बदलावयाचे तेच नाही. उरते ती वरच्या स्वरांची एक पातळ शीळ. त्या शिळेलाही 'ध्यानमग्न करणारे' हे विशेषण लावले जातेच.

समीक्षकाची स्वतःची अडचण ह्याहून निराळी आहे. कवितेवर लिहिणारा ओळ उद्धृत करतो. सिंफनीवर लिहिणारा स्वरलिपीतील माप दाखवतो. रादिगच्या ह्या रचनांची वादकांसाठी लिहिलेली स्वरलिपी नाही. फीत हीच कृती. अमुक मिनिटाला वरचा स्वर प्रकट होतो, एवढे म्हणता येते. पण दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या ध्वनिक्षेपकांवर, दुसऱ्या दिवशीच्या कानांना तो दोन मिनिटे आधी किंवा पाच मिनिटे उशिरा प्रकट होतो, आणि दोघांपैकी कोणाचेही घड्याळ चुकलेले नसते.